निळ्याचा दोष नाही, सरसाचा आहे

तुमची हकीकत आधी इतरांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही नागपूरला असता, जलरंगात बरीच वर्षं काम केलं आहे. ओगाता कोरिन या जुन्या जपानी चित्रकाराच्या, निळ्या आयरिसच्या फुलांच्या घडीच्या पडद्यांनी वेड लावलं, म्हणून जपानहून नऊ नंबरचा दगडी निळा रंग आणि शिंपल्याचं पांढरं, म्हणजे गोफुन, मागवलं. जपानी सरसाच्या कांड्या महाग वाटल्या, म्हणून सरस तेवढा हार्डवेअरच्या दुकानातून आणला आणि चांगला उकळून घेतला. वर्ख इथल्याच बाजारातला. दिवाळीत चित्र पुरं झालं आणि सगळ्यांना आवडलं. मे महिन्यात सहज निळ्यावरून बोट फिरवलं तर बोटच निळं झालं. पांढऱ्या पाकळ्यांना भेगा पडल्या होत्या आणि सोनं कडेकडेने हिरवट-काळं व्हायला लागलं होतं. तुम्ही विचारता, रंग बनावट निघाला का? आणि जाता जाता, लाखेवरचं सोन्याचं काम, माकी-ए, घरी जमेल का?

रंगाला बोल लावू नका. अस्सल अझुराइट (खाणीतला निळा दगड) असो किंवा शिन-इवा (काचेत धातूंची ऑक्साइडं वितळवून, मग कुटून केलेला नवा ‘दगड’), दोन्ही असेच वागतात. ट्यूबमधल्या जलरंगात डिंक आधीच मिसळलेला असतो, ते गणित कंपनीने सोडवून दिलेलं असतं. इथे डबीत नुसता कुटलेला दगड आहे. तो स्वतःहून कशालाच चिकटत नाही. त्याला कागदावर धरून ठेवतो तो फक्त सरस, आणि तुम्ही पैसे वाचवले ते नेमके तिथे.

सुतारी सरस वाईट असतो असं नाही, पण तो लाकडाचे सांधे धरण्यासाठी केलेला असतो. रंगाला गडद, वाळल्यावर कडक आणि ठिसूळ, आत काय काय मिसळलंय त्याचा पत्ता नाही. जपानी चित्रकार वापरतात तो नीकावा म्हणजे जात तीच, जनावराच्या कातड्यातलं आणि हाडातलं कोलॅजेन, पण जास्त स्वच्छ आणि जास्त लवचीक. गाईचा, हरणाचा, माशाचा असे प्रकार मिळतात. पूर्वी सगळ्यांच्या हाताशी असायचा तो सान्झेनबोन नावाचा, लांब पिवळसर कांड्यांचा. जुन्या पद्धतीने तो बनवणं २०१० च्या सुमारास थांबलं, तेव्हा क्योतोतल्या चित्रकारांनी कांड्या साठवायला सुरुवात केली होती. आता दाणेदार नीकावा सर्रास मिळतो. तुम्ही तोच घ्या. वर्षाला शे-दोनशे ग्रॅम पुरतो, त्यामुळे ‘महाग’ हा हिशेब पुन्हा करून बघा. तुमच्या निळ्याच्या एका डबीपुढे तो काहीच नाही.

पण नुसता सरस बदलून भागणार नाही. खरा घात उकळण्याने केला आहे.

दहा ग्रॅम सरस शंभर मिलिलिटर थंड पाण्यात रात्रभर भिजत घालायचा. सकाळी दाणे फुगून डिंकासारखे लिबलिबीत होतात. मग भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं, पाणी साठ-सत्तर अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, आणि हळूहळू विरघळू द्यायचं. नंतर तलम फडक्यातून गाळायचं. उकळी आली की कोलॅजेनच्या लांब साखळ्या तुटतात. दिसायला द्रव तसाच, वासाला तसाच, फक्त धरण्याची ताकद गेलेली. तेच भांडं रोज पुन्हा तापवलं तरीही हेच होतं. ओळखायची सोपी खूण: गाळलेला सरस वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. जेलीसारखा घट्ट बसला तर जिवंत आहे. पाण्यासारखाच राहिला तर झाडांना घाला.

ही खूण मला फुकट मिळालेली नाही. क्योतोत शिकायला गेल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात मी सरस शेगडीवर ठेवून फोनवर बोलत बसलो आणि उकळी येऊन गेली. कोणी पाहिलं नाही म्हणून तोच वापरला. तीन आठवडे खपून केलेल्या फळीवर गुरुजींनी नखाने हलकेच टिचकी मारली आणि आयरिसची अख्खी पाकळी, आकारासकट, टेबलावर पडली. ते काही बोलले नाहीत. ब्रशने सगळं निळं गोळा करून माझ्या हातात कागदाची पुडी दिली. ती पुडी कशाला, ते शेवटी सांगतो, कारण तुम्हालाही लागणार आहे.

आता रंग कालवणं. पांढरी चिनी मातीची बशी घ्या, तिच्यात चमचाभर निळं. कोमट सरसाचे दोन-तीन थेंब टाका आणि मधल्या बोटाने मळा. ब्रशने नाही, बोटानेच, कारण प्रत्येक कणाला सरसाचा लेप बसला का हे बोटालाच कळतं. सुरुवातीला खरखरतं, मग एकदम गुळगुळीत सरकायला लागतं. तिथे थांबा आणि मग थेंब थेंब पाणी. सरस किती दाट हवा, याला आपल्याकडे पाकाची परीक्षा करतात तीच रीत. थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून उघड-मीट करायची. किंचित धरल्यासारखं वाटलं पाहिजे. एकतारी पाकासारखी तार आली तर फार झालं.

डबीवरचा नंबर म्हणजे कणाचा आकार. पाच नंबर जवळजवळ वाळू, रंग गर्द. तेरा नंबर पिठासारखा, रंग फिका, आणि त्यापुढचा ब्याकु तर निळसर पांढराच. दगड एकच, पण जितका बारीक कुटावा तितका फिका, कारण कण लहान झाले की त्यांच्या पृष्ठावरून पांढरा उजेड जास्त विखुरतो. जलरंगवाल्याला फिका रंग हवा असेल तर तो पाणी वाढवतो. इथे डबी बदलावी लागते. तुम्ही मात्र फिक्या कडांसाठी पाणी वाढवलेलं फोटोत दिसतं. पाण्याबरोबर सरसही पातळ झाला, आणि म्हणूनच तुमच्या चित्रात कडा आधी सुटल्या आहेत. जाड कण वजनदार, त्याला सरस थोडा दाट लागतो. आणि थर चढवताना खालच्यात दाट, वरच्यात पातळ, हा क्रम कधी उलटा करायचा नाही. वरचा थर जास्त सरसाचा असला की वाळताना तो आकसतो आणि खालच्याला पोपडीसारखा उपटून काढतो.

नागपूरचं हवामान हा या गोष्टीतला दुसरा गुन्हेगार. सरस हवेतलं पाणी घेतो आणि सोडतो. पावसाळ्यात फुगतो, एप्रिल-मेच्या कोरड्या भट्टीत आकसतो. क्योतोतही उन्हाळा दमट आणि हिवाळा कोरडा असतोच, पण तुमच्याकडची पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा वेगळी. चित्र कूलरच्या समोरच्या भिंतीवर असेल तर आधी तिथून काढा. दिवसा ओली हवा आणि रात्री कोरडी, असा झोका कुठल्याच चित्राला मानवत नाही. सरसही उन्हाळ्यात रोजच्या रोज, लागेल तेवढाच करायचा. पंखा लावलेल्या खोलीतसुद्धा तो एका दिवसात नासतो, आणि वास येण्याच्या आधीच त्याची पकड सुटलेली असते.

गोफुनच्या भेगांचं कारण निराळं आहे, आणि खरं सांगायचं तर ते निळ्यापेक्षा कठीण आहे. हे कालवांचे शिंपले. वर्षानुवर्षं उघड्यावर ऊन-पाऊस खात पडू द्यायचे, मग दळायचे, पाण्यात निथळून बारीक भाग वेगळा करायचा आणि फळ्यांवर वाळवायचं. क्योतोजवळच्या उजीमध्ये हे काम अजून चालतं. डबीतली ती पांढरी पापडी तुम्ही बहुतेक थेट सरसात विरघळवली. तसं चालत नाही.

खलात ती कोरडीच घोटायची, अगदी टाल्कम पावडर होईपर्यंत. मग कोमट सरस थेंबाथेंबाने घालत बत्त्याने फिरवत राहायचं. आधी रव्यासारखं होतं, मग गोळा जमतो. जपानी लोक म्हणतात कानाच्या पाळीइतका मऊ हवा. आपण चपातीच्या कणकेसाठी सांगतो त्याच्या अलीकडचा म्हणा. हा गोळा हातात लोळवून वळकटी करायची आणि बशीवर आपटायची. पुन्हा गोळा, पुन्हा आपटायची. याला ह्याकुताताकी म्हणतात, शंभर आपटण्या, आणि शंभर हा आकडा शोभेचा नाही. साठाव्या-सत्तराव्या आपटणीला गोळ्याचा आवाज बदलतो, कोरडा ‘टप्’ जाऊन ओला ‘चप्’ येतो. शेजाऱ्यांनी विचारलं तर भाकरी थापतेय म्हणून सांगा. मग गोळा बशीत चपटा करून त्यावर गरम पाणी ओतायचं, थोडा वेळ ठेवून ते पाणी टाकून द्यायचं, आणि त्यानंतर हव्या तेवढ्या गोळ्यावर चमचाभर पाणी घालून बोटाने सोडवायचं.

आता जलरंगवाल्यांसाठी लावलेला सापळा. ओलं असताना गोफुन जवळजवळ पारदर्शक दिसतं. आपल्याला वाटतं काही उमटलंच नाही, म्हणून आणखी जाड हात देतो. वाळल्यावर ते पांढरं फटक होतं आणि जाड थर तडकतो. तुमच्या पाकळ्यांवर हेच झालंय. दुधाळ पाण्यासारखे पातळ चार हात द्या, प्रत्येक पूर्ण वाळू द्या. पहिल्या हाताला काहीच दिसणार नाही, तो विश्वास ठेवूनच द्यायचा.

कागदाला दोसा लावला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोसा म्हणजे पातळ सरसात थोडी तुरटी, हो, दाढीनंतर फिरवतात तीच. त्याने कागद रंग पिऊन टाकत नाही. तुरटी जास्त झाली तर कागद आम्लधर्मी होऊन काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो, त्यामुळे चिमटीवर भागवा.

वर्खाबद्दल फार लिहीत नाही, कारण उत्तर सरळ आहे. तो सोन्याचा नव्हता, पितळेचा होता. सोनं हिरवं पडत नाही. जपानचा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावात होतो. त्याचा नेहमीचा चौकोन १०९ मिलिमीटरचा आणि जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी. बांबूच्या चिमट्याने तो उचलताना श्वास रोखावा लागतो, आणि नागपुरात मे महिन्यात हे करायचं तर पंखाही बंद, एवढं मनाशी ठरवून बसा. दोन चौकोन जिथे एकमेकांवर चढतात तिथे दुप्पट सोन्याची रेघ दिसते, तिला हाकुआशी म्हणतात. जुन्या पडद्यांवर ती जाळी सहज दिसते, आणि ती लपवायची कोणाला घाई नसते.

तुमच्या सोन्याचं जे अपघाताने झालं ते कोरिनने मुद्दाम केलं, हे मात्र सांगायला हवं. आटामीच्या मोआ म्युझियममध्ये त्याचा लाल आणि पांढऱ्या प्लमच्या मोहोराचा पडदा आहे. मधली नदी काळपट, तिच्यात वळणावळणाच्या लाटा. या पडद्यावरून काही वर्षांपूर्वी वाद पेटला होता. एका तपासणीने म्हटलं की इथे वर्खच नाही, वर्खाचा भास रंगवला आहे. नंतरच्या क्ष-किरण तपासणीत सोन्याचा वर्ख सापडला, नदीत चांदीचाही सापडला, आणि चांदी गंधकाने काळी केल्याचं दिसलं. मिठाईवरचा चांदीचा वर्ख शिळा झाला की कसा काळवंडतो ते आपण पाहिलेलंच आहे. कोरिनने तोच काळेपणा हवा तिथे आणला आणि लाटा झाकून ठेवून तेवढ्या उजळ राखल्या.

तुम्हाला ज्यांनी वेड लावलं ते आयरिसचे पडदे टोक्योच्या नेझू म्युझियममध्ये आहेत. अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे, सहा-सहा घड्यांची जोडी, एकेक पडदा सुमारे दीड मीटर उंच आणि ३.४ मीटर रुंद. सोनं, निळं आणि हिरवं, बाकी काही नाही. पाणी नाही, आकाश नाही, पूल नाही. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा फुलांपेक्षा मला दुसरंच दिसलं. फुलांचे काही गुच्छ तसेच्या तसे पुन्हा आले आहेत. कोरिन क्योतोतल्या कापडवाल्यांच्या, किमोनो विकणाऱ्या घरातला. छापाचा कागद कापून आकार पुन्हा वापरणं त्याला घरचंच असणार, आणि इथेही तसा साचा वापरल्याचं मानलं जातं. तुम्ही प्रत्येक फूल वेगळं रेखाटत बसलात, त्याने ठसा उचलून पुढे सरकवला.

त्याचं निळं तीनशे वर्षं टिकलं आणि माझं सहा महिन्यांत गेलं, असं तुम्ही जरा चिडून लिहिलंय. टिकलं ते एकट्या कोरिनच्या हाताने नाही. ते पडदे म्युझियम दर वर्षी वसंतात, खरे आयरिस फुलतात त्या दिवसांत, साधारण महिनाभर बाहेर काढतं. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या अशा नाजूक वस्तू वर्षाला साठ दिवसांच्या वर मांडू नयेत असा तिथे दंडकच आहे. उरलेलं वर्ष अंधारात. शिवाय अशा पडद्यांना आणि गुंडाळ्यांना शे-दीडशे वर्षांनी सोडवून पुन्हा चढवतात. त्यासाठी लागणारी गव्हाच्या सत्त्वाची खळ, फुरुनोरी, मडक्यात घालून दहा-दहा वर्षं मुरवलेली असते. मुरल्यावर तिची चिकटण्याची ताकद जवळजवळ जाते, आणि तेच हवं असतं, म्हणजे पुढच्या माणसाला मूळ कागद न फाडता ती सोडवता येते. मी त्या मडक्यावरचं झाकण एकदा उघडलं आहे. वासाचं वर्णन करत नाही.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, ‘ही परकी पद्धत आपल्या हवेत चालणारच नाही का?’ ती इतकी परकी नाही. अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत, वाळलेल्या थरावर, बांधणारं द्रव्य घालून कालवलेल्या दगड-मातीच्या रंगांची आहेत. आराई काम्पो हा जपानी चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आला आणि नंतर अजिंठ्यात राहून त्याने तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या टोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. पुढे १९४० पासून याच माणसाने नाराजवळच्या होर्युजी मंदिरातल्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला घेतल्या. ते काम चालू असतानाच १९४५ मध्ये तो वारला, आणि जानेवारी १९४९ मध्ये ती मूळ भित्तिचित्रंच आगीत होरपळली. त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी जपानचा सांस्कृतिक ठेव्यांच्या रक्षणाचा कायदा आला. अजिंठ्यासमोर बसलेल्या त्या माणसाला सरसाचं आणि आपल्या हवेचं काय काय सोसावं लागलं असेल, हा विचार मी दर उन्हाळ्यात सरस ओतून देताना करतो.

माकी-ए. घरी नको. उरुशी ही झाडाच्या चिकाची लाख, आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांवरची लाख किड्याची. दोन्हींना आपण लाख म्हणतो एवढंच साम्य. उरुशीचं झाड बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतल्यावर अंगाची काय दशा होते हे आजीला विचारा, ओल्या उरुशीने तेच होतं, कोपरापर्यंत आणि पापण्यांवर. मला पहिल्या वर्षी दोनदा झालं. गंमत अशी की ती कोरड्या हवेत वाळतच नाही. तिला वीस ते तीस अंश उष्णता आणि सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता लागते, म्हणून ओलं फडकं लावलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. म्हणजे जुलैतली रत्नागिरी तिला आयती मानवेल, पण तुमच्या मे महिन्यात ती महिनाभर चिकटच राहील. कोरिनने तेच आयरिस लाखेच्या एका दौतपेटीवरही केले आहेत, फुलं शिंपल्याची आणि पूल शिशाचा. ती पेटी टोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती बघा, फोटो जमवा, पण शिकायचं असेल तर कोणाच्या तरी हाताखाली बसा.

आता हातातल्या चित्राचं. फिक्सेटिव्हचा स्प्रे किंवा व्हार्निश अजिबात मारू नका. दगडी रंगाची मखमल कणांमधल्या हवेमुळे आहे, तिथे व्हार्निश शिरलं की निळं काळपट होऊन बसेल आणि परत येणार नाही. शंभर मिलिलिटर पाण्याला एक-दोन ग्रॅम एवढाच पातळ, ताजा नीकावा करा. चित्र आडवं ठेवा. निळ्यावर पातळ जपानी कागद पसरा आणि त्याच्यावरून मऊ, रुंद ब्रशने तो कोमट सरस फक्त झिरपू द्या, घासू नका. कागद हलकेच उचला, सावलीत वाळू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. आधी अर्थातच कोपऱ्यात, जिथे बिघडलं तरी चालेल तिथे. तडकलेल्या पाकळ्या वाचणार नाहीत. ओल्या कापसाने मऊ करून काढा आणि नव्याने करा. पितळी वर्ख राहू द्या, किंवा काळी नदी म्हणून खपवा.

आणि जे निळं गळून पडलंय ते टाकू नका. पुडीत गोळा करा, बशीत घालून कडकडीत पाणी ओता, ढवळा, दगड खाली बसला की वरचं गढूळ पाणी काढा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार वेळा. तुटका सरस निघून जातो, निळं जसंच्या तसं उरतं. मला मिळालेल्या त्या पुडीतल्या निळ्याने मी पुढच्या वर्षी तीच पाकळी पुन्हा केली. ती अजून जागेवर आहे.